आल्बममधली चॉकलेट-कार्डं सोडवावीत का?

सोडवू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, पण हे आधी सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की येत्या रविवारी आल्बमच्या पानांवर डकवलेली कार्डं सुटी करायला कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसायचा विचार आहे. घमेलं बाजूला ठेवा.

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात असा. प्रश्न विचारणाऱ्यांच्या भाचीनं पॅरिसच्या व्हाँवच्या जुन्या बाजारातून ६० युरोंना एक आल्बम आणला. आत सुमारे १३० रंगीत कार्डं आहेत, पूर्वी चॉकलेटच्या पुड्यासोबत फुकट मिळायची तसली. चार सोडून सगळी पानांना घट्ट डकवलेली. चित्रांखाली पूलँ, गेरँ-बूत्राँ, लोंबार अशी चॉकलेटवाल्यांची नावं आहेत. आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एका मुलीचं नाव आणि १८९१ हे साल. यांना चार गोष्टी हव्या आहेत: माल अस्सल आहे का, किंमत किती, कार्डं सोडवून फ्रेम करावीत का आणि हा संग्रह पुढे कसा वाढवावा.

मी छपाईच्या धंद्यातला. नोकरीनिमित्त सात वर्षं फ्रान्समध्ये लियोंला होतो, तिथे ही कार्डं गोळा करायला लागलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी तुमच्यासारखाच एक आल्बम मला मिळाला. कुणीतरी सांगितलं, पाण्यात भिजवली की कार्डं सुटतात. मी पानं भिजवली. कार्डं सुटली खरी, पण निम्म्यांची पाठ आल्बमच्या कागदाला चिकटून राहिली. उरलेल्यांवरची सोनेरी झळाळी मेली, आणि जे कार्ड मला सगळ्यात प्रिय होतं, त्याच्या मागचा जांभळा शिक्का पसरून डाग झाला. त्या दिवशी मी काय घालवलं, हे कळायला मला आणखी तीन-चार वर्षं लागली. म्हणून ही कार्डं म्हणजे नेमकी काय चीज आहे, तिथून सुरुवात करतो.

फ्रान्समध्ये या कार्डांना नुसतं ‘क्रोमो’ म्हणतात. क्रोमोलिथोग्राफी, म्हणजे रंगीत शिळाछाप, यावरून आलेलं नाव. दगडावरून छापायची युक्ती झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात काढली. पुढे म्युलूझच्या गोदफ्र्वा एंगलमाननं १८३७ साली रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. तळहातावर मावणाऱ्या चित्राला आठ-दहा दगड सहज लागत, कधी त्याहून जास्त. एका मोठ्या तावावर पुष्कळ चित्रं एकदम छापायची, तो ताव प्रत्येक रंगासाठी यंत्रातून पुन्हा काढायचा, आणि दर वेळी तो केसभरही सरकता कामा नये. हे सगळं कशासाठी, तर चॉकलेटच्या पुड्यासोबत फुकट द्यायच्या चित्रासाठी. मला आजही याचं नवल वाटतं.

चित्रं वाटायची चाल चॉकलेटवाल्यांनी काढलेली नाही. पॅरिसच्या बाँ मार्शे या मोठ्या दुकानाचे मालक आरिस्तिद बूसिको यांनी ती गाजवली. गुरुवारी शाळांना सुटी असे, त्या दिवशी आईबरोबर दुकानात आलेल्या पोराच्या हातात चित्र पडायचं. मालिका पुरी करायची तर पुढच्या गुरुवारी आईला पुन्हा ओढत न्यायला हवं. आपल्याकडे काड्यापेट्यांचे छाप जमवून अदलाबदल करणाऱ्या पोरांना ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

चॉकलेटवाल्यांना हीच युक्ती फार मानवली, आणि त्याला कारण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चॉकलेट औषधवाल्याकडे मिळायचं. मेनिये घराण्याचा धंदा १८१६ साली औषधी भुकट्यांपासूनच सुरू झाला. त्यांनी १८३६ साली पिवळ्या कागदात गुंडाळलेली, सहा अर्धगोल पट्ट्यांची चॉकलेटची वडी बाजारात आणली. पुढे यंत्रं आली, भाव उतरला, कारखाने वाढले आणि भेसळही वाढली. पीठ, स्वस्त चरबी, काहीही मिसळायचं. मग गिऱ्हाइकाला आपल्याच पुड्यावर भरवसा बसावा म्हणून नाव, सही, पदकं, ‘नकलांपासून सावध’ अशा ओळी छापायला सुरुवात झाली. हे सगळं आईला वाचायला लावायचं तर चित्र पोराच्या हातात द्यायचं. पुढे सुंदर चित्र, मागे धंद्याची गोष्ट.

म्हणून कार्ड हातात आलं की मी आधी उलटून बघतो. चित्र कुणालाही दिसतं, कार्डाची जन्मपत्रिका पाठीवर असते. तुमच्याकडची चार सुटी कार्डं घ्या आणि पाठीवरची प्रत्येक ओळ वहीत उतरवून काढा. कारखान्याचा पत्ता काय आहे? लोंबार असेल तर पॅरिसचा आव्हन्यू द श्वाझी. गेरँ-बूत्राँ असेल तर बहुधा बुलव्हार प्वासोनिएर. पूलँ असेल तर ब्लुआ गाव. व्हिक्तोर-ओग्यूस्त पूलँ यांनी १८४८ साली तिथे धंदा सुरू केला आणि ‘गूते ए कोंपारे’, म्हणजे ‘चाखा आणि ताडून पाहा’, हे त्यांचं घोषवाक्य. मग प्रदर्शनांत मिळालेली पदकं बघा. पॅरिसची मोठी प्रदर्शनं १८५५, १८६७, १८७८, १८८९ आणि १९०० साली झाली. पदकांची यादी १८७८ ला थांबत असेल तर कार्ड बहुधा १८८९ च्या आधीचं. १८८९ आहे पण १९०० नाही, तर त्या अकरा वर्षांतलं. ‘ऑर कोंकूर, मांब्र द्यू झ्युरी’ असं दिसलं तर त्या घराचा, म्हणजे कंपनीचा, माणूस परीक्षक मंडळावर होता, म्हणून ते स्पर्धेबाहेर. त्याच्या शेजारी कोणतं साल आहे तेही टिपा. मालिकेचं नाव, क्रमांक, अर्ध्या किलोचा भाव, पत्ता बदलल्याची सूचना, अगदी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव, सगळं टिपा. पॅरिसचे शांपनुआ, तेस्त्यु ए मासँ, दोल गावचे कूर्ब-रूझे ही नावं तुम्हाला वरचेवर भेटतील.

छापखान्याचं नाव महत्त्वाचं का, ते सांगतो. बरीच कार्डं कुणा एका चॉकलेटवाल्यासाठी काढलेलीच नव्हती. छापखाना चित्रं तयार करून कोऱ्या पाठीनं ठेवायचा. गिऱ्हाईक ठरलं की मागे त्याचा मजकूर काळ्या शाईत टंकाच्या खिळ्यांनी छापून द्यायचा. त्यामुळे तेच मांजर तुम्हाला एकदा चॉकलेटवाल्याच्या, एकदा साबणवाल्याच्या आणि एकदा कुठल्याशा गावच्या कापडवाल्याच्या नावानं दिसेल. अशी पाठ तिरप्या उजेडात धरली तर अक्षरं कागदात किंचित रुतलेली दिसतात, बोटालाही जाणवतात. याउलट पूलँ, गेरँ-बूत्राँ, लोंबार यांच्यासारख्या मोठ्या घरांनी स्वतःच्या मालिका काढल्या, आणि संग्राहकांचा जीव त्यांत अडकतो. गेरँ-बूत्राँची समकालीन नामवंतांची मालिका, मानवजातीच्या उपकारकर्त्यांची मालिका, अशी ती मोठी कामं. लोंबारनं १९१२ च्या सुमारास ‘२०१२ सालात’ अशी सहा कार्डांची मालिका काढली. त्यातल्या एका चित्रात घरातली माणसं दूर आशियात असलेल्या मुलाशी पडद्यावर बोलताहेत. ते कार्ड माझ्याकडे आहे. परदेशी गेलेल्या मुलांशी मोबाइलवर समोरासमोर बोलणाऱ्या आपल्या घरांत ते दाखवलं की माणसं ते हातातून खाली ठेवत नाहीत.

आता अस्सलपणा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. आजच्या ऑफसेट छपाईत चारच रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, गोल गोल फुलांच्या नक्षीसारखे. शिळाछापात अशी जाळी नसते. कारागिरानं दगडावर हातानं दिलेले ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे असतात. गालावरचा गुलाबी हा खराच गुलाबी शाईचा असतो, लाल-पिवळ्याच्या मिश्रणाचा भास नसतो. कडेला एखादा रंग रेषेबाहेर सांडलेला दिसला तर बिचकू नका, ते दगडाचं काम आहे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात निघाला, पुढे मळवलीला गेला. त्यातून निघालेली देवादिकांची चित्रं याच रीतीनं छापली गेली. घरात जुनी तसबीर असेल तर भिंग आधी तिच्यावर धरा. लक्ष्मीच्या हातावर जे ठिपके दिसतील, त्याच जातीचे तुमच्या कार्डावर दिसायला हवेत. मी नव्या माणसाला नेहमी असंच शिकवतो, कारण एकदा डोळ्याला सवय झाली की फसगत होत नाही.

दुसरी खूण सोन्याची. मागे सोनेरी पृष्ठभूमी असलेली कार्डं फ्रान्समध्ये फार होती. ते सोनं म्हणजे तांबं-जस्ताची बारीक भुकटी. आधी चिकट थर छापायचा, त्यावर भुकटी भुरभुरायची आणि जादाची झटकायची. कार्ड हलवलं की ती धातूसारखी चमकते. जुनी असेल तर कडांना तपकिरी-हिरवट पडते. नकलेत सोन्याच्या जागी मळकट पिवळा-तपकिरी रंग असतो, हलवला तरी तसाच. तिसरी खूण अतिनील दिव्याची: साधारण १९५० नंतरच्या कागदांत शुभ्रता आणणारी द्रव्यं घालतात, ती या उजेडात निळसर पांढरी उजळतात. १८९१ चं कार्ड मंद, पिवळसर राहायला हवं. तुमच्या आल्बमबद्दल मला फारशी शंका नाही. ६० युरोंसाठी कुणी १३० कार्डं खोटी बनवून, जुन्या खळीनं डकवून, पेन्सिलीनं पोरीचं नाव लिहीत बसत नाही. नकला होतात त्या सुट्या, महाग, प्रसिद्ध चित्रांच्या. फिर्मँ बुइसेनं मेनियेसाठी १८९३ साली केलेली, पाठमोरी उभी राहून भिंतीवर चॉकलेटनं लिहिणारी वेणीवाली मुलगी अशा नकलांत फार दिसते. ते चित्र कुणी स्वस्तात देऊ केलं तर आधी भिंग काढा.

आता तुमच्या मनात येईल, पाठ एवढी महत्त्वाची असेल तर डकवलेली कार्डं सोडवायलाच हवीत. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण पाणी लागल्यावर जी पाठ वाचायची तीच सोलवटते. या कार्डांच्या कागदावर गुळगुळीत लेप असतो. तो भिजला की मऊ पडतो आणि ज्याला लागेल त्याला चिकटतो. खळ कुठली आहे हेही बाहेरून कळत नाही: पिठाची असेल तर सुटेल, सरस असेल तर कागद घेऊन सुटेल. फ्रेंच विक्रेते कार्डं सोडवतात, कारण त्यांना ती एकेक विकायची असतात. तुम्हाला तशी घाई नाही.

याला दुसरी वाट आहे, आणि मी पंधरा वर्षं तिच्यानंच चालतोय. आल्बममधल्या कार्डाचं जुळं शोधायचं. ही कार्डं प्रचंड संख्येनं निघाली. तुमच्या पानावर जे डकवलेलं आहे, त्याचं सुटं भावंड डेलकाँपसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर दोन-तीन युरोंत बहुतेक वेळा मिळतं. विक्रेते दोन्ही बाजूंचे फोटो टाकतात, त्यामुळे पुष्कळदा विकतही घ्यावं लागत नाही. पाठ वाचून वहीत उतरवली की झालं. फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावरही जुन्या क्रोमोंच्या प्रतिमा आहेत. पॅरिसला पुन्हा कुणी गेलं तर ओतेल द साँसमधलं फोर्ने ग्रंथालय दाखवा, जाहिरातींच्या असल्या कागदांचा तिथला साठा फार मोठा आहे. एकच सावधगिरी: चित्र जुळलं म्हणजे पाठ जुळली असं होत नाही. साठ्यातल्या चित्राला दहा पाठी असू शकतात. चित्राखाली छापलेलं कंपनीचं नाव, मालिकेचं शीर्षक आणि माप तिन्ही जुळलं तरच जुळं म्हणा.

आणि आल्बम अखंड राहिला तर त्यातून जे मिळतं ते कुठलीच पाठ देत नाही. १८९१ साली एका मुलीनं कुठली कार्डं शेजारी शेजारी लावली, कुठल्या मालिकेतलं चौथं कार्ड तिला कधीच मिळालं नाही म्हणून जागा मोकळी सोडली, तिच्या गावात कुठल्या दुकानांची चित्रं वाटली जात होती, हे त्या पानांवर आहे. मी लियोंजवळच्या एका आल्बमवरून त्या घरातल्या आईची खरेदी मांडली होती: चॉकलेट एकाच घराचं, कॉफी दोन ठिकाणची, बूट एका दुकानचे. शाळेत शाबासकी म्हणूनही अशी कार्डं मिळत, त्यांना ‘बों प्वँ’ म्हणायचे. तुमच्या आल्बममध्ये गुरुजींनी लिहिलेला शेरा एखाद्या कार्डावर आहे का, बघा. पेन्सिल आहे म्हणून खोडरबर लावू नका, अगदी रेघोटी असली तरी.

विषयांबद्दल एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. परीकथा, पियेरो हा विदूषक, ला फाँतेनच्या नीतिकथा, आयफेल मनोरा, ‘शिकारी कुठे लपलाय?’ अशी कोडी, जर्मनीकडे गेलेल्या आल्सासची काळ्या फितीच्या टोपीतली मुलगी, हे सगळं तुम्हाला भेटेल. त्याच ढिगात फ्रेंच वसाहतींच्या मालिकाही आहेत. आफ्रिकेच्या माणसांची चेष्टा करणारी, मादागास्करच्या स्वारीला मर्दुमकी म्हणून रंगवणारी, कोकोच्या मळ्यात मजूर हसतखेळत राबताहेत असं दाखवणारी. मेनियेंनी निकाराग्वात १८६० च्या दशकात स्वतःचा मळा घेतला होता. त्या मळ्यावरच्या माणसाला चित्राबद्दल कुणी विचारलं नाही. भारताचीही कार्डं येतात: पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम, चंद्रनगर ही पाच ठाणी फ्रेंचांकडे होती, त्यामुळे वसाहतींच्या संचात ‘अँद’, म्हणजे भारत, असतोच. बहुधा हत्ती, फकीर आणि नाचणारी बाई. मी अशी कार्डं टाकून देत नाही आणि भिंतीवरही लावत नाही. ती वेगळ्या पेटीत, कुणी, कधी, कशासाठी काढली ते लिहून ठेवतो. शाळेच्या मुलांना दाखवायची वेळ आली तर आधी हे सांगतो आणि मगच पेटी उघडतो. तुमच्या आल्बममध्ये असं पान असेल तर तेही फाडू नका.

किंमतीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. साधं सुटं कार्ड दोन-चार युरोंचं. सहाच्या सहा कार्डांचा, पाठी साफ असलेला संच त्याच्या बऱ्याच वर जातो. कापून आकार दिलेली, उजेडासमोर धरली की दुसरं चित्र दिसणारी, सुरुवातीच्या विमानांची, सायकलींची कार्डं महाग. डकवलेल्याला भाव कमीच मिळतो. या हिशेबानं भाचीनं रास्त दामात चांगला माल घेतलाय, विकून पैसे करण्यासारखा मात्र नाही. फ्रेमच हवी असेल तर पानाचा नीट फोटो काढून त्याची प्रत लावा. मूळ रंग उन्हात उडतात, गुलाबी सगळ्यात आधी.

पुढे संग्रह करायचाच असेल तर सगळं गोळा करू नका. एक घर किंवा एक विषय धरा. मी पूलँपासून सुरुवात केली होती, नव्या माणसाला आजही तेच सांगेन: माल भरपूर, भाव माफक. स्यूशार मुळात स्वित्झर्लंडचं, लीबिग तर मांसाच्या अर्काचं. ती मोठी, नीट याद्या असलेली क्षेत्रं आहेत, पण फ्रेंच चॉकलेटच्या वाटेवर लगेच तिकडे वळू नका. फेलिक्स पोतँ या किराणावाल्याची नामवंतांची चित्रं दिसली तर ती छापलेली नाहीत, छोटे खरे फोटो आहेत. ती क्रोमोंमध्ये मिसळू नका, वेगळी ठेवा.

जपणूक मात्र आजपासूनच. तुम्ही ठाण्याला राहता, म्हणजे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. कागदाला ४५ ते ५५ टक्के सोसतात. आल्बम आडवा ठेवा, उभा ठेवला तर वजनानं शिवण उसवते. पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला, आल्बम आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर पंधरवड्याला वाळवून परत. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको; लियोंहून परत आल्यावर पहिल्याच जुलैत माझ्या दोन आल्बमना बुरशी आली ती अशाच कपाटात. सुट्या कार्डांना पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट घ्या. स्टेशनरीच्या दुकानातलं, वास मारणारं पीव्हीसी नको, ते काही वर्षांनी चिकट होऊन शाई ओढतं. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका. कसर आणि वाळवी यांच्यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा पेटी उघडून प्रत्येक पान स्वतः उलटणं; मला तरी त्याहून खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

सध्या एवढंच करा: प्रत्येक पानाचा समोरून, सारख्या उजेडात फोटो, मोकळ्या जागांसकट. चार सुट्या कार्डांच्या दोन्ही बाजू, आणि आतल्या पुठ्ठ्यावरचं ते नाव मात्र तिरप्या उजेडात, कारण पेन्सिलीखाली आणखी काही लिहून पुसलेलं असेल तर ते तसंच दिसतं. त्या चार पाठींवरची पदकांची सालं मला पाठवा. मुलीनं लिहिलेल्या १८९१ शी ती जुळतात का, ते आधी बघू.